रणभूमीवरील शिपाई आणि घरची खुशाली

युद्धाच्या इतिहासात लढाया, सेनापती आणि तह यांना मोठे स्थान मिळते. परंतु युद्धातील बहुतेक दिवस लढाईचे नसतात. पहारा, खोदकाम, हत्यारांची सफाई, शिधा आणि वाट पाहणे यांतच शिपायाचा काळ जातो आणि या साऱ्या काळात त्याचे अर्धे मन गावाकडे असते. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक व मदतनीस समुद्रापार गेले. त्यांपैकी सुमारे ७४ हजार परत आले नाहीत. या शिपायांचे घराशी नाते कसे टिकून राहिले, हे पाहणे ग्रामीण भागात काम करणाऱ्यांना आजही उद्बोधक ठरेल. कारण तो धागा जितका लष्कराच्या हाती होता, तितकाच गावातील जाणत्या माणसांच्याही हाती होता.

खंदकातील दिनक्रम

सप्टेंबर १९१४ अखेर भारतीय फौजेच्या पहिल्या तुकड्या फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरल्या. त्यांत खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्याही होत्या. उन्हाळी गणवेशात आलेल्या या जवानांना काही आठवड्यांतच युरोपच्या हिवाळ्याला आणि चिखलाला तोंड द्यावे लागले.

खंदकातील दिवसाची सुरुवात पहाटेपूर्वी होई. शत्रूचा हल्ला बहुधा अंधुक प्रकाशात होत असल्याने पहाटे आणि सायंकाळी प्रत्येक जण बंदूक सज्ज करून जागेवर उभा राही. दिवसा हालचाल करणे धोक्याचे असे. तेव्हा बंदुका साफ करणे, ढासळलेली माती सावरणे आणि आळीपाळीने झोप घेणे एवढीच कामे होत. खरे श्रम रात्री सुरू होत. शिधा व दारूगोळा वाहून आणणे, काटेरी तारा बांधणे, नवे खंदक खणणे ही सर्व कामे अंधारात उरकावी लागत. काही दिवसांनी तुकडी मागच्या गावात विश्रांतीसाठी जाई. तेथे स्नान, कपड्यांची धुलाई, कवायत आणि मुख्य म्हणजे पत्रलेखन होई.

शिध्यात पीठ, डाळ, तूप, गूळ, मसाला व चहा असे. धर्म व रूढी सांभाळून निरनिराळ्या तुकड्यांचे स्वयंपाक वेगळे ठेवले जात. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या माणसाला ओळखीच्या चवीचे अन्न मिळणे ही सैन्याच्या मनोधैर्याची बाब आहे, हे अधिकाऱ्यांनी ओळखले होते.

पत्र : दुसरा शिधा

अन्नाइतकीच गरज होती ती घरच्या पत्राची. भारतीय सैन्याबरोबर रणक्षेत्रात टपाल कार्यालय पाठविण्याची पद्धत १८५६ च्या इराण मोहिमेपासून सुरू झाली होती. १९१५ च्या प्रारंभी फ्रान्समधील भारतीय जवान दर आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहीत असत. पत्र गावी पोहोचण्यास आणि उत्तर परत येण्यास कित्येक आठवडे लागत.

ही संख्या पाहून आश्चर्य वाटते. कारण १९११ च्या जनगणनेनुसार देशात शंभरांपैकी जेमतेम सहा माणसे साक्षर होती. याचा अर्थ असा की, बहुतेक शिपाई आपले पत्र लिहून घेत. छावणीत एखादा शिकलेला सोबती कागद घेऊन बसे. गावात ते पत्र शिक्षक, पोस्टमन किंवा एखादा लिहिता-वाचता आप्त वाचून दाखवी आणि उत्तरही तोच लिही. पती-पत्नीमधील मजकूरदेखील अशा रीतीने दोन परक्या माणसांच्या कानांवरून जाई.

त्यात तिसरा वाचक होता तो सरकारी तपासनीस. फ्रान्समध्ये भारतीय टपालाच्या तपासणीसाठी स्वतंत्र कार्यालय होते व त्याचे प्रमुख कॅप्टन हॉवेल हे होते. लष्करी माहिती बाहेर जाऊ नये आणि सैन्याची मनःस्थिती कळावी, असा तपासणीचा दुहेरी हेतू होता. शिपायांना याची जाणीव असल्याने ते सूचक भाषा वापरीत. काही पत्रांत भारतीय सैनिकांना ‘काळी मिरी’ आणि गोऱ्या सैनिकांना ‘लाल मिरची’ म्हटलेले आढळते. मिरी संपत आली, असे लिहिले की जाणत्याला अर्थ कळे. तपासनिसांनी भाषांतरित केलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेले आहेत. त्यांत लढाईइतकीच पाऊस, पीक, गुरे, कर्ज, मुलांची लग्ने आणि भाऊबंदकीतील जमिनीचे तंटे यांची चौकशी आहे.

धागा तुटला तेव्हा

महाराष्ट्राचा या युद्धाशी निकटचा संबंध आला तो मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. ७ डिसेंबर १९१५ रोजी टायग्रिस नदीच्या वळणावरील कूत या गावी सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्की सैन्याने वेढले. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. नेहमीचे टपाल बंद पडले. शिधा घटत गेला. घोड्याचे मांस खाण्यास अनेक जवानांचे मन धजेना. तेव्हा भारतातील धर्मप्रमुखांची संमती मागविण्यात आली. शेवटी विमानांतून पिठाच्या गोण्या टाकण्याचे प्रयत्न झाले, पण ते अपुरे ठरले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजारांच्या या फौजेने शरणागती पत्करली. पुढे वाळवंटातील वाटचालीत व कैदेत हजारो जण दगावले. ज्यांच्या घरी दर महिन्याला पत्र येत असे, त्यांच्या नशिबी आता केवळ वाट पाहणे उरले.

सातारा तालुक्यातील अपशिंगे गावाच्या ४६ सुपुत्रांनी या महायुद्धात प्राण दिले. एका गावातील ४६ घरांचा हा हिशेब ध्यानात घेतला म्हणजे युद्धाचा भार कोणी वाहिला, ते उमगते.

गावाची जबाबदारी

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था अधिक भक्कम झाली. १ मार्च १९७२ रोजी सैन्य टपाल सेवेचे स्वतंत्र दल स्थापन झाले. जवानाच्या पत्त्यावर ठिकाणाचे नाव नसते. त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ एवढे लिहिले की पत्र त्याच्यापर्यंत पोहोचते. तुकडी कोठे आहे हे गुप्त राहावे, हा त्यामागील उद्देश होय. आता भ्रमणध्वनीमुळे खुशाली तत्काळ कळते; तरी सीमेवरील दुर्गम चौक्यांत असा संपर्क नेहमीच साधतो असे नाही.

बदल साधनांत झाला, चिंतेत नव्हे. शंभर वर्षांपूर्वीच्या पत्रांतील जमिनीचा तंटा आजही जवानाची झोप उडवितो. याच कारणासाठी १९२५ चा भारतीय सैनिक दावे अधिनियम अस्तित्वात आला. युद्धपरिस्थितीत किंवा तत्सम विशेष परिस्थितीत सेवा करणाऱ्या सैनिकाच्या गैरहजेरीत दिवाणी अथवा महसुली दाव्यात त्याचे नुकसान होऊ नये, यासाठी कामकाज तहकूब ठेवण्याची तरतूद त्यात आहे. सैनिकाच्या वतीने कोणी उभे नसल्यास जिल्हाधिकारी ती बाब न्यायालयाच्या निदर्शनास आणू शकतात. परंतु हे जिल्हाधिकाऱ्यांना कळविणार कोण? तलाठी, सरपंच आणि शिक्षक यांनीच पुढे यावयास हवे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही अशा कुटुंबांना मार्गदर्शन करते.

दर वर्षी ७ डिसेंबरला, म्हणजे ज्या तारखेला कूतचा वेढा पडला त्याच तारखेला, देशभर ध्वजदिन पाळला जातो. १९४९ पासूनची ही प्रथा निधिसंकलनासाठी आहे आणि त्यात प्रत्येकाने वाटा उचलावा हे योग्यच. मात्र जवानाला त्याहून हवी असते ती एक खात्री : आपल्या बांधाला कोणी हात लावणार नाही, आईला दवाखान्यात नेणारे कोणी तरी आहे आणि मुलगी शाळेत जात आहे. ही खात्री त्याला गावच देऊ शकते.