शेजारचा मोदक आणि घरची जपमाळ
(कॅथलिक घर : लेखांक ५)

मागच्या लेखांकात बाप्तिस्म्याचा विधी पाहिला. तान्ह्या बाळाच्या वतीने आईबाप शब्द देतात. तो पाळायची खरी वेळ येते, ती मूल बोलू लागल्यावर.

वसई, वांद्रे किंवा पुण्यातल्या सोसायटीत हे रोजचंच आहे. गणपतीत मूल शेजारच्या आरतीहून परततं, हातात मोदक असतो आणि दारातूनच विचारतं, "आई, खाऊ का?" प्रश्न जुनाच आहे. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांनाही तो पडला होता आणि संत पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याची सविस्तर चर्चा केली आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : अन्नाने माणूस देवाच्या जवळ जात नाही की दूरही जात नाही, पण माझ्या मोकळेपणामुळे कच्च्या श्रद्धेचा कुणी भाऊ गोंधळत असेल, तर मी हात आवरावा. आजही काही कॅथलिक घरं शेजाऱ्याची माया म्हणून प्रसाद खातात, काही आदराने घेतात पण खात नाहीत. दोन्ही घरांबद्दल मला आदर आहे. मात्र "नको म्हटलं ना!" एवढ्यावर मुलाची बोळवण करू नये. कारण कळलं नाही, तर मूल दोनच गोष्टी शिकतं : एक तर शेजाऱ्याचं काहीतरी वाईट आहे, नाहीतर आपल्या धर्मात नुसती मनाई आहे. दोन्ही खोटं.

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीचं निवेदन जाहीर केलं. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ख्रिस्ताची घोषणा करत राहण्याचं कर्तव्यही त्याच परिच्छेदात आहे. मुलाला या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्या लागतात. आणि आदर दुतर्फा असतो, हे मुलाला दाखवताही येतं. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला न्या. मेणाचे हात-पाय, मेणाची घरं घेऊन नवस फेडायला आलेल्या रांगेत सगळ्या धर्मांची माणसं दिसतील.

शाळेवर फार भिस्त ठेवू नका. कॉन्व्हेंटमध्येही वर्ग मिश्र असतो. आपल्या राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीविना कुणा मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. राहता राहिला रविवारचा धर्मशिक्षणाचा तास. आठवड्यातून एका तासात श्रद्धा रुजत नाही. परिषदेने कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं, ते यासाठीच. रात्रीच्या जपमाळेत एक दशक धाकट्याकडे द्या. दहा वेळा 'नमो मारिया' म्हणताना तो मणी चुकेल, आठावरच थांबेल, मोठी बहीण कोपराने ढोसेल. चालू द्या. प्रार्थना आपणही चालवू शकतो, हे त्याला तिथेच उमगतं.

सगळ्यात अवघड वाट आंतरधर्मीय विवाहाची. १९१७च्या धर्मसंहितेनुसार मुलं कॅथलिक म्हणूनच वाढवू, अशी हमी दोघांनाही द्यावी लागे. १९७० मध्ये पोप पॉल सहावे यांनी ते बदललं. आता वचन फक्त कॅथलिक जोडीदार देतो : मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावं म्हणून आपल्याकडून होईल ते सगळं करीन. दुसऱ्याला या वचनाची वेळेवर कल्पना द्यावी लागते, सही मागितली जात नाही. मला हा बदल न्याय्य वाटतो, कारण समोरच्याचा विवेकही देवानेच दिलेला आहे. पण पुष्कळ जोडपी हे बोलणं पुढे ढकलतात. मग बाळ पाळण्यात असताना सासर बारशाची तारीख धरतं, माहेर बाप्तिस्म्याची, आणि ओल्या बाळंतिणीला दोन्हीकडची नाराजी झेलावी लागते. हे बोलणं लग्नाआधी व्हावं, आणि दोन्हीकडच्या आईवडिलांच्या कानावरही तेव्हाच घालावं. बारसं आनंदाने करा, तो घरगुती सोहळा आहे. बाप्तिस्म्याचं मात्र आधी ठरलेलं असू द्या.

पुढच्या आठवड्यात : प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी.