नवी स्पोर्ट्स मोटार ताब्यांत घेतांना

दसऱ्याच्या सकाळीं मोटारविक्रेत्याच्या दालनांत पाऊल टाकावें तों तेथें लग्नघराचा थाट आढळतो. झेंडूचे हार, पेढ्यांचे पुडे, चाकांपुढें मांडलेलीं लिंबें, आणि रेशमी आच्छादनाखालीं झांकून ठेवलेली नवी मोटार! घरांतील वडील मंडळी बॉनेटवर कुंकवाचें स्वस्तिक काढतात, मुलें आंत बसण्याची घाई करतात, छायाचित्रें निघतात. आणि या गडबडींत विक्रेत्याचा माणूस एक कागद पुढें करतो. वाहन सुस्थितींत मिळालें, एवढाच त्याचा मथितार्थ असतो. ग्राहक हंसतहंसत सही करतो. त्या सहीपूर्वीं दारावर असलेला ओरखडा विक्रेत्याचा होता. सही झाल्यावर तोच ओरखडा ग्राहकाचा होतो. निदान तो आपला नव्हे, हें सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येऊन पडतो.

साध्या मोटारीच्या बाबतींत हा भार एक वेळ सोसतां येतो. स्पोर्ट्स मोटारीची गोष्ट निराळी. तिचा एकेक भाग महाग, तिची ठेवण जमिनीलगत, आणि तिचा वेग असा कीं, टायर किंवा ब्रेक यांतील लहानसा दोषही केवळ पैशाच्या नुकसानीवर थांबेल याची खात्री नाहीं. म्हणून तपासणीचा दिवस आणि मुहूर्ताचा दिवस हे दोन निराळे असावेत. त्यांतही तपासणी नोंदणीच्या आधीं व्हावी हें उत्तम. मोटार ग्राहकाच्या नांवानें नोंदली गेली कीं कायद्यानें ती त्याची झाली. मग ‘ही नको, दुसरी द्या’ असें म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाहीं. मोटार विक्रेत्याकडे पोंचल्याबरोबर ती पाहूं द्यावी, आणि पाहून झाल्यावरच नोंदणीचे कागद पुढें जावेत, अशी अट पैसे भरतांनाच लेखी घालून ठेवावी. चांगला विक्रेता तिला हरकत घेत नाहीं.

उदाहरणादाखल पोर्शे ९११ हीच मोटार घेऊं. १९६३ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली, आणि इंजिन मागच्या आंसाच्याही मागें ठेवण्याची तिची चाल अद्याप कायम आहे. ती जर्मनींत स्टुटगार्टमधील झुफेनहाउझेन येथें तयार होते आणि भारतांत पूर्ण बांधलेल्या स्थितींत समुद्रमार्गें येते. कारखान्याचें दार ते ग्राहकाचें दार हा प्रवास वाटतो तितका निर्धोक नसतो. फेब्रुवारी २०२२ मध्यें एम्डेन बंदरांतून सुमारें ४००० मोटारी घेऊन निघालेल्या ‘फेलिसिटी एस’ या जहाजाला अझोर्स बेटांजवळ आग लागली आणि १ मार्च रोजीं तें बुडालें. त्यांत पोर्शे मोटारीही पुष्कळ होत्या. खलाशी सारे वांचले. एवढा अनर्थ क्वचितच घडतो. परंतु दोर आवळतांना बसलेला खरचटा, मालमोटारीवरून उतरवतांना घासलेला पुढचा ओठ, गोदामांत दीर्घकाळ उभी राहून दुबळी झालेली बॅटरी, हे प्रकार कोणत्याही प्रवासांत घडूं शकतात.

प्रवासासाठीं मुद्दाम केलेली व्यवस्था तशीच राहून जाणें हा याहून चमत्कारिक प्रकार होय. जहाजावर मोटार बांधलेली असतांना डोलूं नये म्हणून कांहीं कारखाने तिच्या स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत ठोकळे बसवून पाठवतात. त्याचप्रमाणें टायरांत रस्त्यावर लागते त्याहून पुष्कळ अधिक हवा भरलेली असते, म्हणजे दीर्घकाळ उभ्या असलेल्या चाकांना एकाच जागीं चपटेपणा येत नाहीं. ठोकळे काढणें आणि हवा योग्य प्रमाणांत आणणें हें विक्रेत्याच्या कारागिराचें काम. घाईच्या दिवसांत तें राहून गेलें तर गंमत अशी होते कीं, ग्राहकाला त्याचा संशयही येत नाहीं. मोटार खड्ड्यांतून दणके देत चालते, आणि ‘स्पोर्ट्स मोटार म्हटली कीं कडकपणा आलाच’ असें म्हणून तो उलट कौतुकच करतो! प्रत्यक्षांत फाजील फुगलेल्या टायराचा मधलाच पट्टा रस्त्याला टेकत असतो, आणि ब्रेक दाबल्यावर लागणारी पकड कमी झालेली असते. म्हणून ठोकळे काढले काय, असें कारागिराला स्पष्ट विचारावें, व मोटार उचलणीवर चढवलेली असतां बॅटरी हातांत घेऊन स्प्रिंगा आपल्या डोळ्यांनीं पाहाव्यात. हवेचा योग्य दाब दाराच्या चौकटींत चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो. चाकें थंड असतांना तो ताडून पाहणें हें दोन मिनिटांचें काम. चाकाखालीं लिंबू चिरडण्याला कोणाची हरकत नसावी, मात्र त्या चाकांतील हवा त्याआधीं मोजलेली असावी.

टायरांपाशीं आणखी थोडें थांबणें भाग आहे. टायराच्या कुशीवर शेवटीं चार आंकडे असतात. पहिले दोन आठवडा दाखवतात, पुढचे दोन वर्ष. ‘३७२४’ असें असेल तर तो टायर २०२४ सालच्या ३७ व्या आठवड्यांतला. चारही टायरांच्या तारखा जवळपासच्या असाव्यात. एकच फार वेगळा निघाला तर तो मागाहून बदलला आहे काय याची चौकशी करावी. पोर्शेनें पसंत केलेल्या टायरांवर ‘एन’ हें अक्षर व पुढें एक आंकडा असतो. कॅरेरा या मूळ प्रकाराला पुढें २३५ मिलिमीटर व मागें २९५ मिलिमीटर रुंदीचे टायर येतात. तेव्हां पुढचें चाक मागें लावण्याची सोयच नाहीं. ज्या टायरावर बाहेरची बाजू किंवा फिरण्याची दिशा दर्शविलेली असते, तो त्याप्रमाणेंच बसला आहे ना, हेंही पाहावें. चाकाच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवलें कीं पदपथाला घासल्याची खूण हाताला लागते.

रंगाची परीक्षा दिवसाच्या उजेडांत आणि मोटार धुऊन कोरडी केल्यावर करावी. पावसाचें पाणी आणि दालनांतील झगझगीत दिवे हे दोषांचे मोठे मित्र. जुने जाणते लोक खिशांत लोहचुंबक बाळगीत; चुंबक चिकटला तर खालीं पत्रा, न चिकटला तर लांबी भरलेली, असा त्यांचा हिशेब. या मोटारीपुढें तो हिशेब फसतो. २०१९ पासूनच्या ९११ चें बाहेरचें आवरण, पुढचा व मागचा बंपर सोडल्यास, ॲल्युमिनियमचें आहे. चुंबक कोठेंच चिकटायचा नाहीं, आणि चुंबकवाल्या गृहस्थाला सबंध मोटारच लांबीची वाटायची! येथें रंगाच्या थराची जाडी मोजणारें, आणि ॲल्युमिनियमवरही चालणारें, यंत्र लागतें. कारखान्याच्या रंगाची जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉनांच्या आसपास भरते. सगळीकडे तेवढीच आणि एकाच दारावर दुप्पट भरली, तर तें दार पुन्हां रंगवलें गेलें आहे असा संशय घेण्यास जागा आहे. बंपर मात्र प्लास्टिकचा असल्यामुळें त्यावरील रंगाची छटा शेजारच्या धातूपेक्षां किंचित् निराळी दिसूं शकते. तेवढ्यावरून भांडण काढूं नये. याउलट, तिरप्या उन्हांत बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक वर्तुळाकार रेषा दिसल्या, तर कोणीतरी घाणेरड्या फडक्यानें किंवा निष्काळजीपणें फिरवलेल्या यंत्रानें चकाकी आणण्याचा उद्योग केला आहे. तो दोष नोंदवून घ्यावा. दारें, बॉनेट आणि शेजारचा पत्रा यांच्यामधील फटी दोन्ही बाजूंना सारख्या असाव्यात. आणि तपासणाऱ्यानें स्वतःचा पट्टा व बोटांतील अंगठी आधीं काढून ठेवावी. नाहींतर ओरखडा शोधतांशोधतां नवाच निर्माण व्हायचा.

यानंतर गुडघे टेकून पुढच्या बंपरची खालची कड पाहावी. मोटारीचें सर्वांत अधिक सोसणारें आणि सर्वांत कमी पाहिलें जाणारें असें हें ठिकाण आहे. इंजिन मागें असलें तरी पाणी थंड करणारे रेडिएटर पुढच्या बाजूला, बंपरच्या जाळ्यांमागें आहेत. तेथें खडे किंवा वाळलीं पानें अडकलीं असतील तर काढवून घ्यावींत. पुढचा आंस उचलण्याची सोय मागवली असेल, तर कळ दाबून मोटारीचें नाक सुमारें ४० मिलिमीटर वर येतें कीं नाहीं हें तेथल्या तेथें पाहावें. मुंबईपुण्याच्या गतिरोधकांवरून आणि तळघरांतील वाहनतळाच्या उतारावरून जाणाऱ्याला ही चैन नव्हे, गरजच आहे.

मागणीपत्रकाची प्रत हातांत असावी आणि एकेक बाब तिच्यावरून जुळवावी. या मोटारींत जादा बाबींची किंमत मूळ किंमतीशीं स्पर्धा करते, आणि वरून पाहून सगळ्याच ओळखूं येतात असें नाहीं. आंतील दिवे, कांचा, आसनें, वातानुकूलन हें सर्व चालवून पाहण्याला अर्धा तास पुरतो. जादा चाक शोधूं नये, तें या मोटारींत नसतेंच. त्याऐवजीं भोंक बुजवण्याचें द्रव्य आणि हवेचा लहान पंप मिळतो. तीं दोन्हीं, दुसरी चावी, आणि माहितीपुस्तिका मोजून घ्यावी. अंतरदर्शकावर थोडे किलोमीटर असणें स्वाभाविक आहे; शंभराच्या वर आंकडा गेला असेल तर कोणीं, कोठें आणि कशासाठीं चालवली, हें विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. इंजिनाच्या संगणकांत मर्यादेबाहेर फिरवल्याची नोंद राहते. ती विक्रेत्याकडून छापून मागतां येते.

कागदांचें काम नीरस, पण तें टाळूं नये. मोटारीचा सांगाड्यावरील क्रमांक सतरा स्थानांचा असतो. त्यांत शून्य आणि एक या आंकड्यांशीं घोटाळा होऊं नये म्हणून आय, ओ व क्यू हीं अक्षरें घेत नाहींत. पोर्शेच्या स्पोर्ट्स मोटारींचा क्रमांक डब्ल्यू, पी, शून्य असा सुरू होतो. हा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक बिल, विमापत्र, विक्रेत्याचें नमुना २१ चें प्रमाणपत्र व निर्मात्याचें नमुना २२ चें प्रमाणपत्र या सर्वांवर अक्षरशः एकच असला पाहिजे. एका अक्षराची चूकही नोंदणीच्या किंवा विम्याच्या वेळीं महिनोन्महिने छळते.

जे दोष सांपडतील ते तोंडी सांगून भागत नाहीं. पोंच देण्याच्या त्याच कागदावर ते एकाखालीं एक लिहावेत, दुरुस्तीची मुदत घालावी, व्यवस्थापकाची सही घ्यावी, आणि मगच स्वतःची करावी. ‘साहेब, मागाहून करून देऊं’ हें आश्वासन प्रामाणिक असूं शकतें. पण तें देणारा मनुष्य पुढच्या महिन्यांत त्याच नोकरींत असेलच असें नाहीं.

घरीं नेतांना मोह आवरावा. नव्या टायरांची पकड आरंभीचे शेंदोनशें किलोमीटर पूर्ण नसते, आणि ब्रेकचे घर्षणपट्टे तबकड्यांवर नीट बसण्यास कांहींशें किलोमीटर लागतात. थंड इंजिन जोरानें फिरवूं नये. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, मोटार हलवण्यापूर्वीं, तिच्याखालची फरशी पाहावी. स्वच्छ पाण्याचे थेंब वातानुकूलनाचे असतात, त्यांची चिंता नको. मागें इंजिनाखालीं तेलकट डाग, किंवा पुढें रेडिएटरांच्या खालीं रंगीत ओल दिसली, तर छायाचित्र काढून ठेवावें आणि मोटार जागची न हालवतां विक्रेत्याच्या कारागिरालाच तेथें बोलवावें.