स्वभाव आणि श्रद्धेच्या वाटा

एकाच घरात वाढलेल्या दोन भावंडांपैकी एकाला टाळमृदंगाच्या गजरात देव जवळचा वाटतो आणि दुसऱ्याला मात्र देवळातील गर्दी ओसरल्याशिवाय हात जोडावेसे वाटत नाहीत, या भेदाचा संबंध माणसाच्या स्वभावाशी असावा, असे मानसशास्त्र गेली शंभर वर्षे सांगत आले आहे. अमेरिकन विचारवंत विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथात जगाकडे मुळातच प्रसन्नतेने पाहणारे मन आणि दुःखाच्या तीव्र जाणिवेतून श्रद्धेकडे वळणारे मन असा भेद केला. पुढे १९२१ मध्ये कार्ल युंग यांनी ज्याच्या मनाचा ओढा माणसे व घटना यांच्याकडे असतो तो बहिर्मुख आणि ज्याचा ओढा स्वतःच्या आंतरिक विश्वाकडे असतो तो अंतर्मुख, अशी मांडणी केली. भारतीय परंपरेलाही हा विचार नवा नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी असे भक्तांचे चार प्रकार सांगितले असून, माणूस देवाकडे कोणत्या ओढीने येतो हाच त्या वर्गीकरणाचा पाया आहे.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील उपासनापद्धती या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. या भागात मोठ्या संख्येने असलेल्या लिंगायत समाजात भक्त स्नानानंतर गळ्यातील इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतो, भस्म व बेलपत्र वाहतो आणि त्यावर दृष्टी स्थिर करून बसतो. या पूजेला ना पुजारी लागतो ना सोबत, त्यामुळे अंतर्मुख मनाला ती सहज मानवावी. मात्र हेच भक्त लिंगायत संत मन्मथस्वामींचे अभंग गात दिंड्यांतून बीड जिल्ह्यातील कपिलधारला पायी जातात, तेव्हा तीच श्रद्धा रस्त्यावर, शेकडो पावलांच्या लयीत व्यक्त होते. औशाच्या नाथ संस्थानातील चक्रीभजनात तर गाणे आणि चक्राकार फिरणे एकरूप होते, म्हणजे भावनेला शरीराचीही साथ मिळते.

नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब या गुरुद्वाऱ्यात, जिथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवला, अशा अनेक वाटा एकाच आवारात नांदताना दिसतात. कोणी नामस्मरणात डोळे मिटून बसतो, कोणी कीर्तनात रंगतो, कोणी लंगरमध्ये पोळ्या लाटतो वा पंगतीत वाढतो, तर कोणी जोडाघरात भाविकांची पादत्राणे सांभाळतो. शब्दांपेक्षा हाताच्या कामातून अधिक मोकळा होणारा स्वभाव सेवेत रमतो आणि त्याची सेवा प्रार्थनेहून कमी मानली जात नाही.

तथापि या वर्गीकरणाच्या मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे. आजचे संशोधक माणसांचे ठोकळेबाज प्रकार पाडण्याऐवजी प्रत्येक गुण कमीअधिक प्रमाणात सर्वांत असतो असे मानतात, आणि धार्मिकतेचा संबंध बहिर्मुखतेपेक्षा सौजन्य व कर्तव्यदक्षता या गुणांशी अधिक दिसत असला, तरी तो फारसा बळकट नाही. माणूस कोणता देव मानतो हे बहुधा घर, समाज आणि संप्रदाय ठरवतात. शिवाय आजारपण, दुष्काळ किंवा जवळच्याचा मृत्यू एरवी अबोल असलेल्या माणसालाही भजनी मंडळात आणून बसवतो. स्वभावाचा प्रभाव पडतो तो मुख्यतः मानण्याच्या रीतीवर.

म्हणूनच आरतीला मागे उभे राहणाऱ्या मुलाला श्रद्धा नाही, किंवा दिंडीत नाचणाऱ्याची भक्ती उथळ आहे, असे दोन्ही निष्कर्ष घाईचे ठरतात, कारण त्यांत पाहणारा आपलाच स्वभाव दुसऱ्याच्या श्रद्धेचे माप म्हणून वापरत असतो. तळहातावरचे लिंग आणि कपिलधारची दिंडी ज्या परंपरेने एकाच वेळी जपली, तिने हे माप कधीच एकेरी ठेवले नव्हते. घराघरांतील वडीलधाऱ्यांनी, विशेषतः मुलांना देवापुढे बसवताना, तेवढी मोकळीक ठेवली तरी पुरे आहे.