माऊस बाजूला, कान पुढे

रेडिओचं प्रॅक्टिकल चालू असलेल्या कुठल्याही लॅबमध्ये जा, एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘ती मोठी लाट दिसतेय ना, तिच्या जरा आधी कट मार!’ काम आवाजाचं, पण बोलणं सगळं दिसण्याचं. स्क्रीनवरची वेव्हफॉर्म, माऊसने ओढून केलेलं सिलेक्शन, लेव्हल जास्त झाली की लाल होणारा मीटर. आणि वर्गात एखादा विद्यार्थी स्क्रीन रीडर वापरणारा असेल, तर त्याच्या वाटणीचं कामही ठरलेलं असतं. ‘तू स्क्रिप्ट लिही, व्हॉइसओव्हर दे, एडिटचं आम्ही बघतो.’

यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण पाच मिनिटांच्या फीचरमध्ये कुठला बाइट कुठे तोडायचा, बोलणाऱ्याचा कुठला श्वास ठेवायचा, एखाद्या उत्तरानंतरची शांतता किती सेकंद राहू द्यायची, हे ठरवणं म्हणजेच तर एडिटिंग! ते दुसऱ्याच्या हातात गेलं की फीचरवर नाव आपलं आणि निर्णय दुसऱ्याचे. पुढे इंटर्नशिपच्या मुलाखतीत ‘हे एडिट तू स्वतः केलंस का?’ असं विचारलं की पंचाईत होते ती वेगळीच. म्हणून कुठलं सॉफ्टवेअर निवडायचं, हा प्रश्न वाटतो तेवढा टेक्निकल नाही. शेजारच्याला हाक न मारता शेवटपर्यंत काय करता येतं, यावर ती निवड व्हायला हवी.

बटणाला नाव आहे का?

स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनचा फोटो काढून वाचणारा प्रोग्राम नव्हे. सॉफ्टवेअर आपल्याबद्दल जी माहिती कॉम्प्युटरला देतं, तीच तो बोलून दाखवतो. हे बटण आहे, याचं नाव ‘रेकॉर्ड’, ते आत्ता दाबलेलं नाही, वगैरे. गंमत अशी की दिसायला एकदम चकाचक असलेली अनेक ऑडिओ सॉफ्टवेअर्स आपली बटणं, नॉब आणि स्लायडर चित्रासारखे स्वतःच रंगवतात आणि ही माहिती मागे ठेवतच नाहीत. मग स्क्रीन रीडर नुसता ‘बटण, बटण, बटण’ म्हणत राहतो, नाहीतर गप्पच बसतो. डोळ्यांनी बघणाऱ्याला तिथे नुसतं देखणं डिझाइन दिसतं.

त्यामुळे ‘सगळ्यात भारी सॉफ्टवेअर कोणतं?’ हा प्रश्न इथे कामाचा नाही. डाऊनलोड केल्यावर पहिली दहा मिनिटं परीक्षा घ्यायची. माऊसला हात न लावता रेकॉर्ड करता येतं का? ट्रॅक बदलला की कुठल्या ट्रॅकवर आलो ते बोललं जातं का? सिलेक्शन कुठून कुठपर्यंत आहे, ते वेळेत कळतं का? इफेक्टच्या खिडकीत आकडा टाइप करता येतो, की फक्त नॉब फिरवता येतो? आणि शेवटी फाइल एक्स्पोर्ट होते का? ही शेवटची पायरी हसण्यावारी नेऊ नका. सगळं एडिट झाल्यावर एक्स्पोर्टच्या खिडकीत अडकणं फार वाईट. ही परीक्षा डोळस विद्यार्थ्यांनाही घेता येते. विंडोजमध्ये नॅरेटर हा स्क्रीन रीडर असतोच. कंट्रोल, विंडोज आणि एंटर ही बटणं एकत्र दाबली की तो सुरू होतो.

या लेखासाठी मी एका संध्याकाळी माऊस काढून ठेवून ऑडासिटीवर बसले. त्यातून सॉफ्टवेअर कसं आहे ते कळलं, दृष्टिहीन विद्यार्थ्याला किती वेळ लागेल ते मात्र अजिबात कळलं नाही. स्क्रीन रीडर रोज वापरणारे तो ज्या वेगाने ऐकतात, त्या वेगात मला एक शब्द सुटा करता येत नव्हता.

ऑडासिटी : फुकट, साधं आणि बोलकं

विंडोजवर काम करणार असाल आणि मुलाखत साफ करणं, पॉडकास्ट कापणं, मागे म्युझिक टाकणं एवढंच हवं असेल, तर सुरुवात ऑडासिटीपासून करावी असं माझं स्पष्ट मत आहे. हे सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळतं, त्याचा सोर्स कोड खुला आहे, आणि त्याच्या मॅन्युअलमध्ये स्क्रीन रीडरने ते कसं वापरायचं याची स्वतंत्र माहिती दिलेली आहे. दिसायला जुनाट आहे खरं, पण तेच पथ्यावर पडतं. मेन्यू सरळसाधे आहेत आणि जवळपास प्रत्येक गोष्टीला कीबोर्डची वाट आहे.

उदाहरण घेऊ. पाहुणे दोनदा अडखळले आणि तेवढा तुकडा काढायचा आहे. ‘आर’ दाबून रेकॉर्ड केलेलं असतंच. आता स्पेसबार दाबून ऐकायला लागायचं. अडखळणं सुरू झालं की चालू आवाजातच डावा चौकोनी कंस दाबायचा, संपलं की उजवा. सिलेक्शन झालं, आणि तेही कानाने! मग ‘सी’ दाबला की ऑडासिटी तो तुकडा वगळून त्याच्या आधीचं आणि नंतरचं सलग वाजवून दाखवते. म्हणजे कापण्याआधीच कापल्यावर कसं वाटेल ते ऐकू येतं. पटलं तर डिलीट, नाही पटलं तर परत कंस. अगदी अचूक जागा हवी असेल तर सिलेक्शनच्या पट्टीत तास, मिनिटं, सेकंद थेट टाइप करता येतात. ही ‘सी’ची सोय डोळस एडिटरांनीही उचलावी अशी आहे, कारण दिसायला सुबक असलेला कट ऐकायला ठेच लागल्यासारखा असू शकतो.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे लेबल. ऐकता ऐकता चांगला बाइट आला की ‘कंट्रोल एम’ दाबायचं, त्या जागी खूण पडते आणि तिला नाव देता येतं. नंतर सगळी लेबलं एका तक्त्यात वाचता येतात. चाळीस मिनिटांच्या मुलाखतीतून चार मिनिटं काढायची असतील तर हाच तक्ता म्हणजे तुमचा नकाशा. लेबलांची नावं देवनागरीत द्यायची असतील तर स्क्रीन रीडरला मराठी आवाज हवा. फुकट मिळणाऱ्या एनव्हीडीएसोबत जे ईस्पीक येतं, त्यात मराठी आहे. उच्चार जरा यांत्रिक आहेत, पण भागतं.

संगीत शिबिरातली मैत्री

ऑडासिटी कमी पडायला लागते ती ट्रॅक वाढले की. नभोनाट्य, दहा-बारा आवाज, पावलं, पाऊस, पार्श्वसंगीत असं काही करायचं असेल तर रीपर बघा. विनॅम्प आठवतो का? तुम्हाला नसेल आठवत, मोठ्या भावंडांना विचारा. तो बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलच्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर आहे. ६० दिवस पूर्ण रूपात वापरून बघता येतं आणि त्यानंतर वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला, म्हणजे पाच हजार रुपयांच्या पुढे पडतो.

आता रीपरसुद्धा आपला बराचसा पडदा स्वतः रंगवणाऱ्यांपैकीच. नुसतं उघडलं तर स्क्रीन रीडरच्या हाताला फारसं काही लागत नाही. त्याला बोलकं करते ती ‘ओसारा’ नावाची फुकट जोडणी. आणि तिची गोष्ट थोडी मागे जाऊन सांगायला हवी.

ऑस्ट्रेलियात मायकल करन आणि जेम्स टे ही दोन दृष्टिहीन मुलं अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटली. दोघांना संगीताइतकंच कॉम्प्युटरचं वेड. तेव्हाचे चांगले स्क्रीन रीडर इतके महाग होते की डोळस माणसाला फुकट वापरता येणाऱ्या कॉम्प्युटरसाठी दृष्टिहीन माणसाला वेगळी मोठी किंमत मोजावी लागायची. त्या रागातून करनने २००६ मध्ये स्वतःच स्क्रीन रीडर लिहायला घेतला, टे त्याला येऊन मिळाला, आणि त्यातून एनव्हीडीए उभा राहिला. त्याच जेम्स टेने पुढे रीपरसाठी ओसारा लिहायला सुरुवात केली. म्हणजे ज्याला ते सॉफ्टवेअर वापरायचं होतं, त्यानेच ते बोलतं केलं. ओसारामुळे बाण दाबत ट्रॅकवरून खाली-वर जाताना ट्रॅकचं नाव ऐकू येतं, तो म्यूट आहे का, रेकॉर्डसाठी तयार आहे का, ते कळतं. आवाजाची पातळी ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेली तर तेही बोललं जातं, म्हणजे लाल होणाऱ्या मीटरचं काम कानावर येतं. ‘एफ १२’ दाबलं की सराव सुरू होतो, कुठलंही बटण दाबा, ते काय करतं एवढंच सांगितलं जातं, प्रत्यक्षात काही होत नाही. पहिल्या आठवड्यात हे बटण देवासारखं धावून येतं. शिकायला मात्र रीपर अवघड आहे. परवा सबमिशन असेल तर उद्या रीपर शिकायला घेऊ नका.

मॅक असेल तर व्हॉइसओव्हर आतच असतो, आणि गॅरेजबँड व लॉजिक प्रो दोन्ही त्याच्यासोबत चालतात. आयफोन किंवा आयपॅडवर फेराइट चांगलं आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये आणि होस्टेलमध्ये विंडोजच असतं, म्हणून त्यात अधिक शिरत नाही.

दोन आवाजांचं भांडण

स्क्रीन रीडरही बोलतो आणि एडिट करायचा आवाजही वाजतो. दोन्ही एकाच हेडफोनमध्ये आले की गोंधळ होतो. पाचशे-सातशे रुपयांत मिळणारं यूएसबी साऊंड कार्ड इथे उपयोगी पडतं. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये त्याचा आवाज कुठून यावा ते निवडता येतं, ऑडासिटीतही तसंच. मग एका कानात इअरफोनवर स्क्रीन रीडर आणि दुसऱ्या कानावर हेडफोनमधून मुलाखत. थोडा वेळ त्याला गप्प करायचं असेल तर इन्सर्ट आणि ‘एस’.

रेकॉर्डिंगच्या वेळी वेगळीच काळजी. स्पीकर चालू ठेवला तर माइक स्क्रीन रीडरलाही पकडतो. आणि इनपुट म्हणून माइकऐवजी ‘स्टीरिओ मिक्स’ निवडलं गेलं असेल तर कॉम्प्युटरवर वाजणारं सगळंच फाइलमध्ये उतरतं, पाहुण्यांच्या भावुक वाक्याच्या मधोमध ‘सेव्ह, बटण’ हेही.

ग्रुप प्रोजेक्ट असेल तर डोळस पार्टनरकडेही काम आहे. ‘ट्रॅक १, ट्रॅक २’ अशी नावं ठेवून फाइल पुढे ढकलू नका. ‘पाऊस’, ‘निवेदन’, ‘आजींचा बाइट’ असं लिहा. ‘इथून काप’ म्हणून स्क्रीनवर बोट ठेवू नका, ‘२ मिनिटं १४ सेकंदांपासून’ असं सांगा. वेळेच्या भाषेत बोलायची सवय पुढे स्टुडिओतही लागतेच. शिवाय बाहेरून आणलेले फॅन्सी प्लगइन टाळा, त्यांच्या खिडक्या बहुतेकदा नुसतं चित्र असतात. त्याऐवजी सॉफ्टवेअरचे स्वतःचे इफेक्ट वापरा, म्हणजे प्रोजेक्ट दोघांनाही उघडता येईल.

लॅबचं काय?

‘लॅबमध्ये काही इन्स्टॉल करायला परवानगी नाही’ हे उत्तर सगळ्यांनी ऐकलंय. एनव्हीडीएची पोर्टेबल कॉपी पेनड्राइव्हवर करता येते आणि तिथूनच चालते. रीपरलाही पोर्टेबल इन्स्टॉलेशनचा पर्याय आहे. म्हणजे सोळा जीबीच्या पेनड्राइव्हवर आपला स्टुडिओ खिशात घेऊन फिरता येतं. लॉगिनच्या आणि अॅडमिनच्या खिडक्यांवर मात्र पोर्टेबल कॉपीचं चालत नाही, म्हणून कॉम्प्युटरवर रीतसर इन्स्टॉल करून घेणंच बरं. त्यासाठी विनवणी करायची गरज नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात, सरकारी निधी किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करावी असं कलम १६ मध्येच आहे. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने तर डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. अर्ज लेखी द्या, त्यात सॉफ्टवेअरची नावं लिहा आणि एनव्हीडीए व ऑडासिटी दोन्ही फुकट आहेत हेही लिहा. बजेटची सबब तिथेच संपते.

ही कौशल्यं वापरायला जागा नाही, असंही नाही. नागपुरात २०२२ मध्ये दृष्टिहीन श्रोत्यांसाठी ‘रेडिओ अक्ष’ सुरू झाला. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आणि मुंबई विद्यापीठाचा मस्ट रेडिओ ही तर आपलीच कम्युनिटी स्टेशन्स. ऑडिओबुक आणि पॉडकास्टच्या कामाला घरचा एक कॉम्प्युटर पुरतो.

अर्ज देणार असाल तर तो सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात द्या. आणि एकदा सगळं नीट चालायला लागलं की इन्स्टॉलरची फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवा. नव्या अपडेटमध्ये कालपर्यंत बोलणारं एखादं बटण मुकं होऊ शकतं, तेव्हा जुन्या व्हर्जनवर परत येता आलं पाहिजे. सबमिशनच्या आठवड्यात तर ‘अपडेट उपलब्ध आहे’ला सरळ ‘नंतर’ म्हणा.