शेर गेला, एकर राहिला

• भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. त्याच वर्षी हिंगोलीचा भाग हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला.
• दशमान नाणी : १ एप्रिल १९५७. किलो-ग्रॅम : ऑक्टोबर १९५८ पासून, टप्प्याटप्प्याने.
• शेर = ८० तोळे, सुमारे ९३३ ग्रॅम. मण = ४० शेर. तोळा ११.६६ ग्रॅमचा, सराफाकडे आता १० चा.
• जमिनीची गोष्ट वेगळी. बोलणं एकर-गुंठ्यात, सातबारा हेक्टर-आरमध्ये. ‘१.२०’ म्हणजे १ हेक्टर २० आर, जेमतेम तीन एकर. ४० गुंठ्यांचा एकर; हेक्टरचे एकर २.४७. गुंठा १०१.१७ चौरस मीटर, आर १००. जवळपास सारखे, पण एक नव्हेत.
• हळदीचा भाव क्विंटलवर : १०० किलो.