बेसबॉलच्या सिम्युलेशन गेममध्ये भारी खेळाडूला रोज का खेळवता येत नाही?

१९५७ साली अमेरिकेत बॉब हेझल नावाच्या खेळाडूने धुमाकूळ घातला होता. मिलवॉकी ब्रेव्ह्जचा बिली ब्रूटन जखमी झाला म्हणून जुलैच्या शेवटी याला बोलावलं आणि पठ्ठ्याने ४१ मॅचमध्ये १३४ ॲट-बॅटला ५४ हिट मारले. सरासरी ०.४०३. तीन वर्षांपूर्वी हेझल नावाचं चक्रीवादळ येऊन गेलं होतं, त्यावरून याचं नाव पडलं 'हरिकेन'. त्याच मोसमात टेड विल्यम्स ०.३८८ सरासरीने बॅटिंगमध्ये पहिला आला होता.

मग हेझल विल्यम्सपेक्षा भारी? खऱ्या मैदानावर नाही. १९५८ हा त्याचा मेजर लीगमधला शेवटचा मोसम ठरला. पण सिम्युलेशन गेममध्ये सरासरीच्या बाबतीत तो खरंच विल्यम्सला भारी पडतो, आणि भांडणं इथूनच सुरू होतात.

स्ट्रॅट-ओ-मॅटिक हा १९६१ पासूनचा प्रसिद्ध गेम. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड आणि त्यावर त्याच्या त्या वर्षीच्या आकडेवारीवरून बेतलेले निकाल. फासे टाकायचे आणि कार्डावर बघायचं, हिट की आऊट. मागच्या बाकावर बसून बुक क्रिकेट खेळलेल्यांना हे लगेच कळेल. फरक एवढाच की इथे प्रत्येक खेळाडूचं पुस्तक वेगळं.

गोची अशी की १३४ आणि ४२० यातला फरक फाशांना कळत नाही. विल्यम्सने आपली सरासरी ४२० ॲट-बॅट टिकवली, हेझलची ती दोन महिन्यांची लाट होती. कार्डावर मात्र ती कायमची छापली जाते. त्याला ५०० वेळा उतरवा, तो साधारण ०.४०० नेच मारणार.

पिचरच्या बाबतीत तर आणखी गंमत. ओकलंडच्या डेनिस एकर्सलीने १९९० मध्ये ९ इनिंगमागे सरासरी फक्त ०.६१ अर्न्ड रन दिले, पण टाकल्या जेमतेम ७३ इनिंग. तो मॅचच्या शेवटी यायचा. बंधनच नसेल तर कोणीही त्याला रोज तीन-तीन इनिंग टाकायला लावेल. टी-२० मध्ये बुमराला चारच ओव्हर मिळतात, कारण तसा नियमच आहे. बेसबॉलमध्ये तसा नियम नाही, तिथे खांदा किती साथ देतो यावर सगळं ठरतं. कार्डाचा खांदा कशाला दुखेल?

म्हणून हे गेम खेळणाऱ्या लीग वापरावर मर्यादा घालतात. खेळाडू प्रत्यक्षात जितका खेळला तितकाच, किंवा थोडी सूट देऊन. समजा १० टक्के सूट असेल, तर हेझलला १४७ ॲट-बॅट मिळतील. पिचरसाठी इनिंग मोजतात, शिवाय दोन मॅचच्या मध्ये विश्रांती सक्तीची. यामुळे सामान्य खेळाडूंनाही उतरवावं लागतं, आणि खऱ्या मॅनेजरची डोकेदुखी नेमकी हीच असते.

पण पळवाटा निघतातच. हेझलचे १४७ ॲट-बॅट राखून ठेवायचे आणि अटीतटीच्या मॅचमध्येच त्याला काढायचं! खऱ्या मॅनेजरला आपला खेळाडू कधी फॉर्मात येणार हे आधी माहीत नसतं, इथे ते कार्डावर छापलेलं असतं. माझ्या मते नुसती एकूण मर्यादा त्यामुळेच अपुरी पडते. मोसम अर्धा झाला असेल तर खेळाडूचा वापरही साधारण अर्ध्यापर्यंतच, आणि प्लेऑफसाठी वेगळा नियम, हे जास्त न्यायाचं वाटतं.

कॉम्प्युटरवरच्या आऊट ऑफ द पार्क बेसबॉलने वेगळा रस्ता धरलाय. तिथे खेळाडू दमतो, जखमी होतो, आणि एकाच वर्षाऐवजी अनेक वर्षांची कामगिरी धरून त्याची कुवत ठरवता येते. अशा हिशेबात हेझलची हवा बरीच उतरते.

'प्रत्यक्षात जितका, तितकाच' हा नियम उलटाही लागू होतो बरं का. प्रॉव्हिडन्स ग्रेजच्या चार्ल्स रॅडबर्नने १८८४ च्या एका मोसमात ६७८ पेक्षा जास्त इनिंग टाकल्या होत्या. त्याचं कार्ड हातात असेल, तर जवळपास रोज त्यालाच उतरवलं तरी लीगवाले तुम्हाला अडवू शकत नाहीत.