शेत पालिकेत गेलं, बांध कुणाकडे?

पुण्यात आता शेती उरलेली नाही, हा पुणेकरांचा एक लाडका समज आहे. कोळेवाडी, जांभूळवाडी, होळकरवाडी, वडाचीवाडी, नांदोशी ही नावं बसच्या पाटीवर वाचणाऱ्याला हीदेखील पुणे महानगरपालिकेतलीच गावं आहेत हे चटकन आठवत नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये अकरा गावं पालिकेत आली, 30 जून 2021 रोजी आणखी तेवीस आली आणि पालिकेची हद्द 500 चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. क्षेत्रफळात तिनं मुंबईलाही मागं टाकलं. पुढं 2024 मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली, तरी बाकीचा पसारा कायम आहे. या पसाऱ्यात इमारतींच्या मधेमधे भाजीपाल्याचे मळे आहेत, डोंगरउताराची जिराईत आहे, विहिरी आहेत, ओढे आहेत. मांजरीत तर उसावर संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र अशा दोन नामांकित संस्था आहेत.

मग या शेतांवर, त्यांच्या मातीवर आणि पाण्यावर लक्ष कोण ठेवतं? दहा जणांना विचारलं तर आठ जण ‘पालिका’ म्हणतील. गैरसमजांची सुरुवात इथूनच होते.

ग्रामपंचायत काय किंवा महानगरपालिका काय, दोन्ही ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ असल्या तरी राज्यघटनेनं त्यांना वाटून दिलेली कामं एकसारखी नाहीत. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. त्यात पहिला विषय शेती, दुसरा जमीन सुधारणा आणि मृदसंधारण, तिसरा लघुपाटबंधारे आणि पाणलोट विकास. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत 18 विषय आहेत. तिथं नगररचना आहे, जमीनवापराचं नियमन आहे, पाणीपुरवठा आहे, नागरी वनीकरण आणि पर्यावरणरक्षणही आहे. शेती मात्र नाही आणि मृदसंधारणही नाही. म्हणजे गाव पालिकेत गेलं की रस्ता, नळ आणि कचरा यांना नवा धनी मिळतो, पण शेताच्या बांधाचा जुना धनी निघून जातो आणि त्या जागी कुणी येत नाही. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या योजनांमधून गाव वगळलं जातं. रोजगार हमीतून होणारी बांधबंदिस्ती, शेततळी, विहिरी ही कामं ग्रामीण भागासाठी असल्यानं तीही थांबतात. ग्रामसभा तर उरतच नाही. मार्च 2022 मध्ये पालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ प्रशासकाचंच राज्य होतं. त्या काळात नव्यानं आलेल्या गावांना आपलं म्हणणं मांडायला गावची सभाही नव्हती आणि शहराचा नगरसेवकही नव्हता.

याच्या उलट टोकाचा समजही तितकाच पक्का आहे: गाव हद्दीत आलं की शेत आपोआप बिगरशेती झालं. जमिनीच्या व्यवहारांत हे वाक्य मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं जातं. वस्तुस्थिती अशी, की हद्दवाढीनं सातबारा बदलत नाही. नगर भूमापन होऊन मिळकत पत्रिका तयार होईपर्यंत सातबाराच चालतो, आणि त्याची नोंद ठेवणारा तलाठी, त्याच्यावरचे मंडल अधिकारी, तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकारी ही साखळी महसूल खात्याची, म्हणजे राज्य सरकारची असते. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण काम तेच.

गोंधळ वाढला तो 2017 च्या दुरुस्तीनंतर. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 42-ब आलं आणि अंतिम विकास आराखडा मंजूर झालेल्या भागात बिगरशेतीची वेगळी परवानगी काढण्याची गरज उरली नाही. रूपांतर कर आणि लागू असेल तिथं नजराणा भरला की काम होऊ लागलं. याचा अर्थ ‘सगळं मोकळं झालं’ असा लावला गेला. कायदा तसं म्हणत नाही. आराखड्यात जमीन ज्या वापरासाठी दाखवली आहे, त्याच वापरापुरती ही सवलत आहे. आराखडा शेती विभाग म्हणत असेल तर तिथं टोलेजंग इमारत उभी राहू शकत नाही. आता यातली गंमत पाहा. तेवीस गावं पालिकेत आली, पण जुलै 2021 मध्ये त्यांच्यासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (पीएमआरडीए) नेमणूक झाली. पाणी आणि कचऱ्याची जबाबदारी पालिकेकडे, आराखडा आणि बांधकाम परवानगी पीएमआरडीएकडे, सातबारा तहसीलदाराकडे. एका शेताचे तीन पालक, आणि वाहून जाणाऱ्या मातीबद्दल विचारलं की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे.

‘जमीन माझी, तर माती माझी’ हाही एक भक्कम समज. शेतातली माती किंवा मुरूम काढून शेजारच्या प्रकल्पाच्या भरावाला विकणं हा शहराच्या कडेला सर्रास चालणारा धंदा आहे. कायद्याच्या दृष्टीनं मुरूम आणि माती ही गौण खनिजं आहेत. विक्रीसाठी ती उपसायची तर परवाना लागतो आणि ब्रासच्या हिशेबानं स्वामित्वधन भरावं लागतं. विनापरवाना उत्खनन केलं तर संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहन, यंत्र जप्त होऊ शकतं. ही कारवाई महसूल खात्यानं करायची असते. वॉर्ड ऑफिसात तक्रार दिली आणि काहीच झालं नाही, असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा दार चुकीचं ठोठावलेलं असतं.

डोंगर फोडण्याचा परिणाम हद्द बघत नाही. जून 2013 मध्ये पुणे-सातारा रस्त्यावर शिंदेवाडीजवळ पहिल्याच जोरदार पावसात डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेली. वरचा डोंगर फोडला होता, पाण्याची वाट बदलली होती. ती जागा पालिकेच्या हद्दीबाहेरची होती, पण त्या रस्त्यानं रोज जाणारा माणूस पुण्याचाच. हद्दीच्या आत एकास पाचपेक्षा जास्त उतारावर बांधकामाला बंदी आहे. 1997 साली पालिकेत आलेल्या गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं म्हणजे ‘बीडीपी’चं आरक्षण आहे आणि 2015 मध्ये त्यावर राज्य सरकारनं शिक्कामोर्तब केलं. पुण्यात बीडीपीवर बोलणारे लोक झाडं, पक्षी आणि मोकळ्या हवेबद्दल बोलतात. ते खरंच आहे, पण टेकडीचा उतार शाबूत राहिला तर खालच्या वस्तीत चिखल येत नाही, हे त्याचं सगळ्यात रोकडं काम आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

उताराची शेती करणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात ‘पडकई’ ही जुनी रीत आहे. गावकऱ्यांनी एकमेकांच्या उतारावर जाऊन हातांनी दगडाच्या ताली रचायच्या आणि भाताची खाचरं तयार करायची. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. अतिवृष्टी हे तात्कालिक कारण होतं, पण यंत्रांनी उतार सपाट करण्याच्या पद्धतीवरही तेव्हा बरीच चर्चा झाली. जमीन सपाट झाली की संधारण झालं, हा समज त्या चर्चेनंतर तरी जायला हवा होता. शहराच्या कडेला ‘फार्महाउस प्लॉट’ पाडताना आजही जेसीबी पहिल्या दिवशी बांध आणि ताली मोडतो, आणि जाहिरातीत त्याला ‘डेव्हलप्ड लँड’ म्हणतात.

याचा हिशेब अखेरीस नळापर्यंत येतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण सुमारे 29 टीएमसी. त्यातला खडकवासल्याचा वाटा जेमतेम 2 टीएमसी. 1879 साली पूर्ण झालेल्या या धरणात गाळ साचत गेला आणि त्याची क्षमता घटली. गाळ काढायच्या मोहिमा अधूनमधून होतात, त्यांचं कौतुकही होतं. पण गाळ म्हणजे वेल्हे, मुळशी आणि हवेलीच्या उतारांवरून सुटलेली माती. ती वर अडवणं हे खाली उपसण्यापेक्षा स्वस्त पडतं. याच धरणांचं पाणी कालव्यानं हवेली, दौंड आणि इंदापूरच्या शेतीला जातं, म्हणून धरणातला प्रत्येक ब्रास गाळ शहर आणि शेती यांच्यातलं भांडण थोडं वाढवतो. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून बेबी कालव्यात सोडायचं आणि त्या बदल्यात धरणातलं पाणी वाचवायचं, अशी योजना आहे. ‘सांडपाणी शेतीला फुकटचं खत’ असं त्याबद्दल म्हटलं जातं. प्रक्रिया अर्धवट झालेल्या पाण्यातून डिटर्जंट आणि क्षार जमिनीत गेले तर पोत बिघडतो, तेव्हा हे खत तितकंसं फुकट राहत नाही.

विहिरी आणि बोअरबद्दलचा समज असा, की आपल्या जमिनीखालचं पाणी आपलं, हवं तितकं खोल जावं. महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 सालचा, तो जून 2014 पासून लागू आहे. त्यात विहिरींच्या नोंदणीची तरतूद आहे आणि शेती किंवा उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यावर बंदी आहे. खोल बोअरला जास्त पाणी लागतं, हेही काळ्या बेसाल्टच्या पुण्यात बहुधा खोटं ठरतं. इथं पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, आणि तो थर भरायचा तर पाणी जमिनीवर थांबावं लागतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे. तरीही याबाबत टँकरवाल्याचाच सल्ला घेणारे लोक शहरात कमी नाहीत.

पाणी माणशी वाटता येतं, जमिनीच्या प्रमाणात नव्हे, हे दाखवून देणारा माणूसही पुण्याचाच होता. उद्योजक विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात देवस्थानची सोळा हेक्टर माळरान जमीन भाडेपट्ट्यानं घेतली. आधी समतल बांध घातले, मग नाल्यावर पाणी अडवलं. त्यातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीचा नियम साधा होता: माणशी अर्धा एकराचं पाणी, कुटुंबाला अडीच एकरांपर्यंत, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस नाही. पाणलोटाचं काम म्हणजे नाला खोल करणं, हे समीकरण अलीकडच्या योजनांनी रूढ केलं. नायगावात कामाचा क्रम माथ्यापासून पायथ्याकडे होता, आणि पोकलेन नव्हतं.

सगळ्यात महाग पडलेला गैरसमज ओढ्यांचा आहे. ‘सातबाऱ्यावर ओढा दाखवलेलाच नाही’ हे वाक्य जमीन विकणारे, घेणारे आणि कधीकधी अधिकारीही म्हणतात. सातबारा हा हक्काचा आणि पिकाचा उतारा आहे. पाण्याच्या वाटा गावनकाशावर असतात. संहितेच्या कलम 20 नुसार कुणाच्या खासगी मालकीचे नसलेले नदीनाले आणि त्यांची पात्रं सरकारच्या मालकीची असतात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजकडून आलेल्या आंबिल ओढ्यानं अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल हा सारा भाग बुडवला. त्या रात्रीच्या पावसानं पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. कात्रजची तळी पेशवाईतली, त्यांच्यामुळं पाण्याची वाट कुठून जाते हे पुण्याला निदान अडीचशे वर्षं ठाऊक होतं.

जिथं अजून शेती होते, तिथं ओढा बुजवला किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला तर वर्षानुवर्षांच्या दिवाणी दाव्यात पडावंच लागतं असं नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 सालचा आहे आणि त्याखाली तहसीलदार शेतजमिनीवरचा असा अडथळा काढून टाकण्याचा आदेश देऊ शकतो. सोबत गावनकाशाची प्रत जोडावी, ती भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. मुदत मात्र सहा महिन्यांची आहे. जूनमध्ये भराव पडला असेल, तर ती डिसेंबरात संपते.